उपचारानंतरची आग

जाम नदीच्या एका काठी पांढुर्णा, तर दुसऱ्या काठी सावरगाव. १९५६ पर्यंत हा मुलूख आणि नागपूर एकाच प्रांतात होते. पुढे राज्ये निराळी झाली, परंतु मोठे दुखणे आले की येथील माणूस आजही नागपूरचीच वाट धरतो. ज्या उपचाराची हकीकत येथे सांगावयाची आहे, तिचाही एक धागा नागपुरातूनच जातो.

१ सप्टेंबर १९३८ रोजी पाच भारतीय डॉक्टर मुंबई बंदरातून चीनकडे निघाले. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या त्या देशाच्या साहाय्यार्थ राष्ट्रसभेने त्यांस धाडले होते. अलाहाबादचे डॉ. अटल पथकाचे प्रमुख होते. त्यांच्याबरोबर नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू व डॉ. देवेश मुखर्जी हे होते. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच निवर्तले, आणि १९४६ साली व्ही. शांताराम यांच्या बोलपटाने त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. चोळकरांचे नाव मात्र खुद्द विदर्भातही फारसे निघत नाही, ही खेदाची गोष्ट होय.

हे डॉक्टर काही सुया टोचावयास शिकण्यासाठी गेले नव्हते. ते आधुनिक वैद्यकाचे लोक. युद्धातील जखमा बांधणे हे त्यांचे काम. परंतु त्या वेळी जुळलेला स्नेह टिकला. त्याच स्नेहामुळे डॉ. बसू १९५० नंतरच्या दशकात पुन्हा चीनला गेले आणि तेथे त्यांनी ॲक्युपंक्चर, म्हणजे शरीरातील ठराविक बिंदूंवर बारीक सुया टोचण्याची विद्या, आत्मसात केली. १९५९ साली ती त्यांनी भारतात आणली. अमेरिकेत ह्या विद्येचा गाजावाजा झाला तो १९७१ साली, पेकिंगमध्ये शस्त्रक्रिया झालेल्या जेम्स रेस्टन ह्या वार्ताहराच्या लेखामुळे.

इकडे इंग्लंडमध्ये १९६२ साली टॅमॉक्सिफेन नावाचे औषध तयार झाले होते. स्तनाचे पुष्कळसे कर्करोग इस्ट्रोजेन ह्या स्त्री-संप्रेरकावर पोसले जातात. त्याचा मार्ग हे औषध अडविते, आणि त्याने असंख्य स्त्रियांचे प्राण वाचविले. परंतु त्याची किंमत शरीर मोजते. पाळी जाण्याच्या वेळचे सारे विकार एकाएकी आणि अधिक तीव्रतेने उभे राहतात. छातीपासून चेहऱ्यापर्यंत आग उठते, घामाने लुगडे भिजते, रात्री चार-चार वेळा झोप मोडते. जीव वाचला, आता एवढ्याची काय तक्रार, असे घरचे म्हणतात. ती बिचारी गप्प बसते. आणि कित्येक जणी पाच वर्षे घ्यावयाची गोळी मध्येच सोडून देतात. तेव्हा ही तक्रार क्षुल्लक कशी म्हणावी?

एरवी अशा त्रासावर संप्रेरकांच्याच गोळ्या देतात. पण येथे तो मार्ग धोक्याचा! स्वीडनमधील एक चाचणी २००३ च्या अखेरीस थांबवावी लागली, कारण संप्रेरके घेणाऱ्या स्त्रियांत कर्करोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण अधिक आढळले. मग वैद्यांचे लक्ष सुईकडे वळले.

सुईची परीक्षाही कसून झाली. न्यूयॉर्कमध्ये ७२ स्त्रियांवर खऱ्या व खोट्या सुया वापरून पाहिल्या. दोन्हींनी काहीसा आराम पडला, पण २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात त्यांच्यात निर्णायक फरक दिसला नाही. डेट्रॉइटच्या २०१० सालच्या चाचणीत ५० स्त्रिया होत्या. तेथे सुई नैराश्यावरील एका औषधाइतकीच गुणकारी ठरली आणि तिचा गुण उपचार संपल्यावरही अधिक टिकला. इटलीत १९० स्त्रियांच्या पाहणीतही २०१६ साली सुईच्या बाजूने कौल मिळाला. हा आराम बिंदूंचा, की स्पर्शाचा व विश्वासाचा, हा वाद अद्याप मिटलेला नाही. एवढे मात्र निश्चित की, सुई कर्करोग बरा करीत नाही. तसे कोणी सांगू लागल्यास त्याच्या दारात पाऊलही ठेवू नये. शिवाय शस्त्रक्रियेनंतर हात सुजत असेल, तर त्या हाताला सुई सहसा टोचून घेऊ नये, आणि आपल्या कर्करोगतज्ज्ञास विचारल्यावाचून ह्या उपचारास आरंभच करू नये.

२०१९ साली केंद्र सरकारने ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्राने त्यापूर्वीच वेगळा कायदा केला होता. मध्य प्रदेशातल्या सावरगावाला तो लागू नाही. डेट्रॉइटच्या चाचणीत पहिले चार आठवडे दोनदा आणि पुढील आठ आठवडे एकदा, अशा सोळा बैठकी होत्या. सावरगावाहून नागपूर सुमारे शंभर किलोमीटर. म्हणजे संत्र्याच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या स्त्रीला सोळा दिवसांची रोजी बुडवून बत्तीसशे किलोमीटरांचा प्रवास करावयाचा.