कोड : व्याप्तिमापनाचा इतिहास

त्वचेतील मेलॅनीन हे रंगद्रव्य तयार करणाऱ्या कोशिका नष्ट झाल्याने पांढरे डाग पडण्याच्या विकारास कोड म्हणतात. संस्कृत वैद्यकग्रंथांत त्यास ‘श्वित्र’ ही संज्ञा आहे. हा विकार सांसर्गिक नाही. तथापि ‘श्वेतकुष्ठ’ या नावामुळे त्याची कुष्ठरोगाशी गल्लत होत आली आणि रोग्यांना, विशेषतः विवाहाच्या बाबतीत, अवहेलना सोसावी लागली. वस्तुतः कुष्ठरोगाच्या डागात संवेदना मंदावते, कोडाच्या डागात ती अबाधित असते. कोड ओळखण्याची परंपरा जुनी असली, तरी त्याची व्याप्ती पद्धतशीरपणे मोजण्याचे प्रयत्न अलीकडचे आहेत.

गौरवर्णी त्वचेवर डागाची सीमा नुसत्या डोळ्यांनी स्पष्ट दिसत नाही. ही अडचण अमेरिकन भौतिकीविज्ञ रॉबर्ट विल्यम्स वुड यांच्या जंबुपार प्रकाशाच्या दिव्यामुळे दूर झाली. त्यातील निकेल ऑक्साइडयुक्त काच मुख्यतः ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचे किरण पलीकडे जाऊ देते. १९२५ मध्ये हा दिवा डोक्याच्या त्वचेवरील कवकजन्य रोग ओळखण्यासाठी वापरला गेला. पुढे कोडाच्या तपासणीतही तो रूढ झाला. मेलॅनीन हे किरण शोषून घेते. ते नसलेला भाग अनुस्फुरणामुळे निळसर पांढरा चमकतो.

क्षेत्रफळासाठी रोग्याचा तळहात (बोटांसह) शरीरपृष्ठाच्या सुमारे १% मानण्याची सोपी रीत आहे. तिच्या आधारे २००४ मध्ये कॅनडातील संशोधकांनी ‘व्हासी’ हा निर्देशांक मांडला. यात प्रत्येक भागातील तळहातांची संख्या व रंगलोपाचे प्रमाण यांचा गुणाकार करून बेरीज घेतात. उदा., ४ तळहातांएवढ्या डागात ५०% रंगलोप असल्यास अंक २ येतो. उपचारानंतर रंगलोप २५% उरल्यास तो १ होतो. मात्र रंगलोपाचे प्रमाण नजरेने ठरत असल्याने दोन तपासनीसांचे अंक जुळतीलच असे नाही.

हा दोष कमी करण्यासाठी संगणकीय प्रतिमाविश्लेषणाचा अवलंब झाला. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी त्वचेच्या रंगीत प्रतिमेतून मेलॅनीन व हीमोग्लोबिन यांचे घटक गणिताने वेगळे केले. पुढे मलेशियात हे तत्त्व कोडाच्या डागांतील रंगाची पुनःप्राप्ती मोजण्यास लावले गेले. प्रकाश, अंतर व कोन प्रत्येक वेळी सारखे ठेवावे लागतात. शिवाय हातापायांच्या गोलाईवरील डाग सपाट छायाचित्रात आकुंचित दिसतो.

औषधाचा गुण ठरविण्यास हे मापन अपरिहार्य आहे. २०२२ मध्ये अमेरिकेत रुक्सोलिटिनिब मलमास मान्यता मिळाली, तिच्या आधारभूत चाचण्यांत चेहऱ्याचा स्वतंत्र निर्देशांक मुख्य कसोटी होता : २४ आठवड्यांत तो ७५% वा अधिक घटलेले रोगी सुमारे ३०% होते, तर औषधविरहित मलम लावणाऱ्यांत सुमारे १०%. चेहऱ्याचे हे वेगळे मापन अर्थपूर्ण आहे; कारण झाकता न येणारा लहानसा डाग क्षेत्रफळाच्या हिशेबात क्षुल्लक ठरला, तरी रोग्याच्या जीवनात तो तसा नसतो.