वेट लीज पद्धत (बेस्ट)

खासगी कंत्राटदाराची बस चालकासह भाड्याने घेऊन सार्वजनिक बससेवा चालवण्याची, मुंबईच्या बेस्ट उपक्रमाने स्वीकारलेली पद्धत. निविदा मागवून प्रतिकिलोमीटर दर ठरवला जातो. बस, चालक आणि देखभाल कंत्राटदाराची. मार्ग, वेळापत्रक, तिकीटदर आणि वाहक बेस्टचे. तिकिटाचे पैसे बेस्टकडे जमा होतात आणि कंत्राटदाराला धावलेल्या अंतराचा मोबदला मिळतो.

पार्श्वभूमी : शहरातील बसमार्ग निविदेने देण्याचा सर्वांत गाजलेला प्रयोग लंडनमध्ये १९८५ पासून झाला. मुंबईत बेस्ट १९४७ पासून महापालिकेच्या मालकीची आहे. तिच्या परिवहन विभागाची तूट पूर्वी वीजपुरवठा विभागाच्या उत्पन्नातून भरून निघत असे. तो आधार गेल्यावर नव्या बस घेण्यास भांडवल उरले नाही. जानेवारी २०१९ मध्ये वेतननिश्चिती आणि महापालिकेच्या अर्थसंकल्पात बेस्टचा अर्थसंकल्प विलीन करणे या मागण्यांसाठी कामगारांनी नऊ दिवस संप केला. त्याच वर्षी जूनमध्ये बेस्ट वर्कर्स युनियनशी करार झाला. संघटनेने भाड्याच्या बसना संमती दिली, ती स्वमालकीच्या ३,३३७ बसचा ताफा कायम ठेवण्याच्या अटीवर. पाठोपाठ ९ जुलैपासून किमान तिकीट ८ रुपयांवरून ५ रुपयांवर आले.

कामगार संघटनांचे आक्षेप : बसची किंमत, इंधन आणि सुटे भाग यांचे दर सर्व निविदाकारांना जवळपास सारखेच पडतात. त्यामुळे कमी दराची निविदा भरताना कात्री लागते ती चालकाच्या पगाराला, असे संघटनांचे म्हणणे आहे. एकाच लाल बसमध्ये वाहक बेस्टचा कायम कर्मचारी आणि चालक कंत्राटी, असे चित्र दिसू लागले. दोघांची पाळी एक, पण पगार, रजा आणि निवृत्तीचे लाभ वेगळे. ऑगस्ट २०२३ मध्ये पगारवाढ आणि समान कामाला समान वेतन या मागण्यांसाठी कंत्राटी चालकांनी आठवडाभर काम बंद ठेवले. भाड्याच्या बस आगारांत उभ्या राहिल्या आणि प्रवाशांसाठी एसटीच्या गाड्या आणाव्या लागल्या. डिसेंबर २०२४ मधील कुर्ल्याच्या भीषण अपघातात भाड्याची इलेक्ट्रिक बस होती. त्यानंतर कंत्राटी चालकांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न ऐरणीवर आला.

कायदेशीर बाजू : १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानुसार कंत्राटदाराने वेतन थकवल्यास ते देण्याचे दायित्व मूळ मालकावर येत असे. मात्र कंत्राटी पद्धत रद्द झाली तरी कामगार आपोआप कायम होत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये स्टील ॲथॉरिटी खटल्यात दिला. ब्रिटनमध्ये सेवा नव्या कंपनीकडे गेल्यास कामगारांची नोकरी आणि सेवाशर्तीही तिच्याकडे जातात, अशी कायदेशीर तरतूद आहे.

परिणाम : भांडवल न गुंतवता वातानुकूलित आणि इलेक्ट्रिक बस मुंबईत आल्या. मात्र दर परवडत नसल्याचे सांगत २०२२ ते २०२४ दरम्यान काही कंत्राटदार मुदतीआधीच बाहेर पडले आणि त्यांच्या बस सेवेतून गेल्या. बेस्टच्या स्वतःच्या बस २०२५ पर्यंत एक हजारांच्याही खाली आल्याने ती उणीव भरून काढणे अवघड झाले. ३,३३७ बसची अट पाळली जावी, ही संघटनांची प्रमुख मागणी राहिली आहे.