हरलेला खटला आणि रिकामे अध्यासन

डोंबिवलीच्या मानपाडा रस्त्यालगतच्या एका चाळीत आमचा रविवारचा अभ्यासवर्ग भरतो. मानसशास्त्रात एम.ए. करणारी एक मुलगी मागे एकदा एक कागद घेऊन आली. परदेशातील एका विद्यापीठाला लैंगिक आरोग्याच्या मानसशास्त्रासाठी संशोधन-अध्यासन भरावयाचे होते, त्याची ती जाहिरात. तिने ती वाचून दाखविली तेव्हा मागे बसलेली पोरे खुसखुसली. कंपनीतून निवृत्त झालेले आमचे आबा म्हणाले, "पोरी, आपले प्रश्न भाकरीचे. ही भरल्या पोटाची थेरं." मुलगी दबली नाही. मला म्हणाली, "सर, आपल्याकडे अशी जागा का नाही, तेवढेच सांगा."

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. आज देतो आहे.

आपल्याकडे अशी जागा नव्हती हे खरे. पण त्या जागेला लायक माणूस होता. प्राध्यापक होता, आणि मुंबईतच होता. रघुनाथ धोंडो कर्वे हे त्याचे नाव. महर्षी कर्व्यांचा हा मुलगा. जन्म १८८२ चा. पॅरिसला जाऊन गणिताचा उच्च अभ्यास करून आलेला. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंचे केंद्र निघाले तेही याच वर्षी. १९२३ मध्ये त्यांनी 'संततिनियमन' हे पुस्तक लिहिले, आणि गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावरही लिहिले. दिवसा विल्सन कॉलेजात गणित शिकवावयाचे आणि उरल्या वेळात हे काम, असा त्यांचा क्रम होता. मिशनऱ्यांच्या त्या कॉलेजला हे मानवणारे नव्हते. १९२५ साली कर्व्यांना राजीनामा द्यावा लागला. त्यानंतर विद्यापीठीय जगाची दारे त्यांना बंद झाली ती कायमचीच. पत्नी मालतीबाईंच्या साथीने या गृहस्थाने उरलेले आयुष्य ओढगस्तीत काढले, पण विषय सोडला नाही.

१५ जुलै १९२७ रोजी त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. साल लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले, ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' निघाले आणि २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. गिरगावातला एक बेकार प्राध्यापक आणि बहिष्कृतांचा पुढारी, दोघेही एकाच वर्षी एकाच धर्मसत्तेच्या दोन पायांवर घाव घालीत होते. दोघांना त्या वेळी हे जाणवत होते की नाही हा प्रश्न वेगळा.

'समाजस्वास्थ्य'मध्ये वाचकांच्या पत्रांना उत्तरे दिली जात. माणसे विचारीत: हस्तमैथुनाने वेड लागते काय? समलिंगी आकर्षण हा रोग आहे काय? लग्न होऊन वर्षे झाली तरी शरीरसुख नाही, काय करावे? कर्वे गणित सोडवावे तशी थोडक्यात, कोरड्या भाषेत उत्तरे देत. भय, लाज, अपराधीपणा, नवराबायकोतील अबोला यांवर ज्ञानाचा इलाज करणे हाच तर लैंगिक आरोग्याच्या मानसशास्त्राचा गाभा. फरक एवढाच की परदेशात यासाठी आज अध्यासन मिळते, कर्व्यांना कोर्टाचे समन्स मिळाले. १९३१ मध्ये 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखावरून खटला होऊन शंभर रुपये दंड झाला. १९३४ मध्ये वाचकांना दिलेल्या उत्तरांवरून पुन्हा खटला झाला. या वेळी मुंबई हायकोर्टात त्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर भीमराव रामजी आंबेडकर.

कर्व्यांवर लिहिणारे पांढरपेशे लेखक ही घटना एका वाक्यात उरकतात आणि आपलेही अनेक लेखक तिला बाबासाहेबांच्या उदारपणाचा एक किस्सा समजतात. दोन्ही चूक. १९३४ चे बाबासाहेब कोण होते ते पाहा. पुणे कराराला दोनच वर्षे झालेली. सनातन्यांच्या शिव्या रोजच्या. अशा वेळी अश्लीलतेचा शिक्का बसलेल्या ब्राह्मण संपादकाचे वकीलपत्र घेणे म्हणजे शत्रूच्या हाती आयता दगड देणे होते. तरीही त्यांनी ते घेतले. लैंगिक विषयावर लिहिले म्हणून ते अश्लील ठरत नाही, आणि विकृती असेलच तर ती ज्ञानानेच हटेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. असले प्रश्न छापावेतच कशाला, अशी न्यायमूर्ती मेहता यांची शंका. बाबासाहेबांनी हॅवलॉक एलिससारख्या संशोधकांचे आधार दिले. खटला हरला. दोनशे रुपये दंड झाला.

हे वकीलपत्र बाबासाहेबांनी का घेतले असावे? माझे उत्तर १९१६ पर्यंत मागे जाते. त्या वर्षी ९ मे रोजी कोलंबिया विद्यापीठातील गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमरावाने भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीचे मर्म जातीअंतर्गत लग्नात आहे, हा त्याचा सिद्धान्त. जातीच्या कुंपणात लग्ने ठेवावयाची तर स्त्री-पुरुषांची संख्या सारखी राहिली पाहिजे. नवरा मेलेली बाई आणि बायको मेलेला पुरुष हे 'जादा' ठरतात, आणि त्यांची वासना कुंपण मोडील ही भीती असते. म्हणून सती, म्हणून सक्तीचे वैधव्य, म्हणून बालविवाह. म्हणजे जात ही मुळातच लैंगिकतेची बंदोबस्ती आहे. ज्याने हे विशीत ओळखले होते, त्याला कर्व्यांचा खटला परका कसा वाटावा? कर्वे व्यक्तीच्या सुखाच्या बाजूने बोलत होते. जात ही काही त्यांच्या विचाराची मध्यवर्ती कोटी नव्हती. बाबासाहेबांना मात्र त्या कोरड्या उत्तरांत कुंपणाचा खिळा उपसला जाताना दिसला असावा, असे मी मानतो.

आता आबांच्या भाकरीकडे वळतो. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या उपायांविषयी ठराव मांडला. बाबासाहेब त्या दिवशी हजर नव्हते, त्यांचे भाषण रोहम यांनीच सभागृहापुढे ठेवले. त्यात गरिबीचा हिशेब आहेच, पण बाळंतपणाच्या वेणा पुरुषांना सोसाव्या लागत्या तर एकापेक्षा अधिक मुलाला कोणी तयार झाला नसता, असेही त्यात बजावले आहे. ठराव फेटाळला गेला. पुढे २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या दलित महिला परिषदेत त्यांनी आपल्या बायांना सांगितले की लग्नाची घाई करू नका, फार मुले होऊ देणे हा गुन्हा आहे. मजुरांच्या पक्षाने हा प्रश्न भाकरीच्या प्रश्नाशेजारीच ठेवला होता, आबा. आणि तो बाईच्या शरीरावरच्या तिच्या हक्कापासून सुरू केला होता, सरकारच्या उद्दिष्टापासून नव्हे. हे सांगावयाचे कारण असे की १९७६ मध्ये याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही, एवढेच.

१९३८ साल आणखी एका कारणाने ध्यानात ठेवावे. त्या वर्षी अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात आल्फ्रेड किन्झी नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने विवाहविषयक अभ्यासक्रम सुरू केला आणि विद्यार्थ्यांच्या कामजीवनाच्या हकिगती गोळा करू लागला. ओरड झाली. विद्यापीठाचे अध्यक्ष हर्मन वेल्स यांनी त्याला सांगितले, अभ्यासक्रम आणि संशोधन यांपैकी एक निवड. त्याने संशोधन निवडले, आणि प्राध्यापकपद त्याच्याकडेच राहिले. १९४७ मध्ये त्याची संस्था उभी राहिली, १९४८ मध्ये पुस्तक आले. १९५४ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानने पैसा थांबविला, विद्यापीठाने मात्र हात सोडला नाही. आमच्या गणिताच्या प्राध्यापकाला असा वेल्स भेटला नाही. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे वारले आणि त्यांच्यामागे महिन्याभरात 'समाजस्वास्थ्य' संपले.

पण किन्झीच्या पुस्तकात आपल्यासाठी आणखी एक धडा आहे. त्याने काळ्या लोकांच्याही मुलाखती घेतल्या होत्या. छापील तक्ते मात्र गोऱ्यांचे. अध्यासन मिळाले, ज्ञान निर्माण झाले, आणि त्यातून एक सबंध समाज गळाला. आपल्याकडेही १९३८ मध्येच मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख गो. स. घुर्ये यांनी कामजीवनावर निबंध लिहिला, त्याचा नमुना मुंबईतील मध्यमवर्गीयांचा. कामाठीपुरा तिथून किती दूर होता? त्याआधी दोनच वर्षे, जून १९३६ मध्ये, परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेब वाघ्या, मुरळ्या, देवदासी, जोगतिणी यांच्यापुढे बोलले होते आणि हे जिणे टाका म्हणून त्यांनी कळकळीने सांगितले होते. त्या आवाहनाकडे आज वेगळ्या नजरेने पाहणाऱ्या बायाही आहेत, आणि त्यांचेही ऐकून घेतले पाहिजे. पण विद्वानांच्या तक्त्यात ज्यांना रकाना नव्हता, त्यांच्याशी सभागृहात बोलणारा माणूस एकच होता.

पुढची हकिगत थोडक्यात सांगतो. के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रकाश कोठारी यांनी लैंगिक वैद्यकाचा विभाग उभा केला, हे मोठेच काम. पण ते वैद्यकाच्या अंगाने. २००७ मध्ये महाराष्ट्र सरकारने शाळांतले लैंगिक शिक्षण बंद केले. कर्व्यांना दंड करणारे राज्य गेले, पण ती मनोवृत्ती टिकून राहिली.

या काळात खरे संशोधन विद्यापीठाबाहेर झाले. गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचा निबंध जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. शंभरातल्या ब्याण्णव बाया हे दुखणे अंगावर वागवीत रानात, शेतात राबत होत्या आणि बोलत नव्हत्या. हे न बोलणे कुठून येते? हा मानसशास्त्राचा प्रश्न आहे. सांगलीत १९९२ पासून 'संग्राम' संस्थेच्या कामातून वेश्याव्यवसायातील बायाच एकमेकींना निरोध वाटू लागल्या, आणि १९९६ मध्ये त्यांची स्वतःची 'व्हॅम्प' ही संघटना झाली. त्यांत देवदासी परंपरेतल्या बाया पुष्कळ होत्या. गिऱ्हाइकाला निरोध वापरावयास कसे लावावे, पोलिसापुढे कसे उभे राहावे, हे ज्ञान त्यांनी स्वतः कमावले. संशोधक नंतर आले, प्रश्नावल्या घेऊन.

म्हणून अशी जागा उद्या आपल्या विद्यापीठात निघालीच तर तीवर कोण बसणार, हे आजच विचारले पाहिजे. अध्यासन म्हणजे एकच पद. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेच्या प्रकरणात निर्णय दिला की संवर्गात एकच पद असेल तर त्याला आरक्षण लावता येणार नाही, कारण ते शंभर टक्के आरक्षण होईल. मग विभाग हे एकक की विद्यापीठ, असा बिंदुनामावलीचा वाद पेटला. २०१९ च्या कायद्याने केंद्रीय संस्थांपुरते संपूर्ण विद्यापीठ हे एकक ठरविले. देणगीवर, अनुदानावर, ठरावीक मुदतीसाठी निघणारी पदे या हिशेबात कुठे बसतात हे दर वेळी भांडून ठरवावे लागते. एकट्या खुर्चीचा हा गुण आहे: ती नेहमी 'गुणवत्तेची' असते. स्वतः बाबासाहेब १९१८ मध्ये सिडनॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तेव्हा त्यांनी प्राध्यापकांच्या माठातले पाणी घेण्यास सहकाऱ्यांनी हरकत घेतली होती. खुर्ची मिळाली तरी माठ बाटतो.

आणि निवड समिती उमेदवाराला काय विचारील? किती निबंध, कोणत्या नियतकालिकांत. विचारावयाचे ते वेगळेच आहे. आंतरजातीय प्रेम करणाऱ्या पोरीच्या मनातले भय तू कसे मोजशील? बलात्काराची फिर्याद द्यावयास गेलेल्या दलित बाईला जातीवरून प्रश्न विचारला जातो, तो घाव कोणत्या तक्त्यात घालशील? मुरळीच्या लेकीला शाळेत बापाचे नाव विचारतात तेव्हा तिच्या आत काय होते? ज्याला हे प्रश्न सुचतच नाहीत, त्याची गुणवत्ता माझ्या मते अपुरी आहे.

आमच्या वर्गातल्या त्या मुलीला पीएच.डी. याच विषयात करावयाची आहे. दोन मार्गदर्शकांकडे ती जाऊन आली. एकाने विषय बदल म्हटले. दुसऱ्याने, लग्न ठरताना अडचण येईल, असा सल्ला दिला. ती तिसऱ्याच्या शोधात आहे. पुढच्या रविवारी वर्गात १९३८ चे भाषण वाचावयाचे ठरले आहे. ते आबा वाचणार आहेत. पोरांना त्यांनी आधीच दम भरला आहे की हसलात तर बाहेर काढीन.