धुरातील प्राणवायूची साक्ष

१/ मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजमधील स्कॅनर ऑक्सिजन सेन्सरशी संबंधित संकेतांक दाखवतो. सेन्सर बदलला जातो आणि काही दिवसांत तोच दिवा पुन्हा लागतो. असे वारंवार का घडते, याचे उत्तर या छोट्या भागाच्या इतिहासात सापडते.

२/ जुलै १९४३. लॉस एंजलिस शहरावर डोळे झोंबवणारे दाट धुके उतरले. युद्धाचे दिवस होते. जपानने विषारी वायू सोडला असावा, अशी शंका नागरिकांना आली. खरे कारण शोधले ते कॅल्टेकमधील डच वंशाचे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी. अननसाच्या स्वादाचे रसायन अभ्यासणाऱ्या या संशोधकाने १९५० च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले, की मोटारींच्या धुरातील हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाश पडला की ओझोन तयार होतो. शत्रू रस्त्यावरच होता.

३/ १९७० च्या अमेरिकी स्वच्छ हवा कायद्याने मोटारींच्या प्रदूषणात ९० टक्के घट मागितली. १९७५ च्या मॉडेलांपासून तेथे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सर्रास आले. शिसे या कन्व्हर्टरला निकामी करते, म्हणून शिसेविरहित पेट्रोलही आले.

४/ तरीही एक पेच उरला. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन नष्ट करण्यासाठी प्राणवायू द्यावा लागतो, तर नायट्रोजनच्या ऑक्साइडांतून तो काढून घ्यावा लागतो. दोन्ही कामे एकाच डब्यात साधायची, तर एक किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा हे प्रमाण सतत राखावे लागते. साध्या कार्ब्युरेटरला ते शक्य नव्हते.

५/ वाट सापडली ती एकोणिसाव्या शतकातील विज्ञानात. जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर नेर्न्स्ट यांनी १८८९ मध्ये विद्युतघटाचे प्रसिद्ध समीकरण मांडले आणि पुढे झिर्कोनियायुक्त सिरॅमिकचा दिवाही बनवला. तापलेल्या झिर्कोनियातून प्राणवायूचे आयन वाहतात. त्याच्या एका बाजूस बाहेरची हवा आणि दुसऱ्या बाजूस इंजिनाचा धूर असेल, तर दोहोंतील प्राणवायूच्या फरकामुळे विद्युतदाब निर्माण होतो.

६/ याच तत्त्वावर बॉश कंपनीने लॅम्डा सेन्सर घडवला. १९७६ मध्ये व्होल्वोने तो अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींत बसवला. धुरात प्राणवायू जवळजवळ नसेल, तर सुमारे ०.९ व्होल्ट, तो भरपूर असेल, तर सुमारे ०.१ व्होल्ट. हे वाचून संगणक इंधन कमी-जास्त करू लागला. मात्र सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय सेन्सर नीट काम करीत नाही. म्हणून पुढे त्याच्या आतच हीटर आला.

७/ मुख्य गोष्ट अशी, की हा सेन्सर पेट्रोल मोजत नाही. तो केवळ प्राणवायू ओळखतो. एखादा स्पार्क प्लग ठिणगी देईनासा झाला, तर त्या सिलिंडरमधील पेट्रोल जळत नाही आणि प्राणवायूही तसाच बाहेर पडतो. सेन्सर प्रामाणिकपणे सांगतो, ‘प्राणवायू जास्त आहे.’ संगणक त्याचा अर्थ ‘पेट्रोल कमी आहे’ असा लावतो आणि आणखी पेट्रोल ओततो. ते न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये पेटते आणि तो आतून वितळूही शकतो.

८/ सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्ट पाइपला चीर असेल किंवा गॅस्केट फुटलेले असेल, तरी बाहेरची हवा आत ओढली जाते आणि तशीच फसगत होते.

९/ कॅलिफोर्नियात १९८८ च्या मॉडेलांपासून आणि अधिक कडक स्वरूपात १९९६ पासून संपूर्ण अमेरिकेत, मोटारीने स्वतःचे दोष स्वतः नोंदवणे सक्तीचे झाले. कन्व्हर्टरच्या पलीकडे दुसरा सेन्सर बसला. पहिल्याचा विद्युतदाब सतत वर-खाली होतो. दुसऱ्याचा बराचसा स्थिर राहायला हवा. दोन्ही सारखेच हेलकावू लागले, तर संशय कन्व्हर्टरवर जातो, सेन्सरवर नव्हे.

१०/ म्हणून जाणता मेकॅनिक आधी गळती, वायरिंग, हीटर आणि ठिणगी तपासतो. मग गरम इंजिनात थोडा प्रोपेन सोडतो. विद्युतदाब चटकन चढला पाहिजे. मोजणीबाहेरची हवा आत जाऊ देतो. तो चटकन उतरला पाहिजे. दोन्हीकडे प्रतिसाद चपळ असेल, तर सेन्सर निर्दोष.

११/ सेन्सर खरोखर मरतोही. शिसे, सिलिकॉन, जळलेल्या तेलाची राख आणि वय त्याला मंद करतात. तेव्हा तो बदलावाच लागतो. पण ज्या तेलाने वा सीलंटने तो मेला, ते तसेच राहिले तर नवाही त्याच वाटेने जातो.

१२/ भारतात १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई येथे नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. २००० मध्ये शिसेयुक्त पेट्रोल देशभरातून गेले. २०२० च्या बीएस-६ मानकांनंतर हा सेन्सर बहुतेक नव्या दुचाकींतही पोहोचला. सेन्सरपेक्षा कन्व्हर्टर कितीतरी महाग असतो. तो वितळला की मालकाचे पैसे जातात आणि हागेन-स्मिट यांनी ओळखलेले तेच वायू पुन्हा रस्त्यावरच्या हवेत मिसळतात. त्यामुळे पिवळा दिवा लागल्यावर ‘सेन्सर केवढ्याला?’ या प्रश्नाआधी ‘हा प्राणवायू आला कुठून?’ हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.