अकरा ओळींचे अडीच तास

11 मार्च 2016. कॅलिफोर्नियातल्या अझेर कोचुलू या प्रोग्रॅमरला किक या मेसेंजर कंपनीकडून ईमेल येतो. जावास्क्रिप्टचं पॅकेज-भांडार असलेल्या एनपीएमवर ‘किक’ नावाचं त्याचं एक पॅकेज आहे. ते नाव कंपनीला हवंय. तो नकार देतो.

18 मार्च. एनपीएमचे प्रमुख आयझॅक श्लूटर निकाल देतात : नाव कंपनीला. मग माझं सगळंच काढा, असं कोचुलू म्हणतो. श्लूटर त्याला तशी कमांड कळवतात. पॅकेजेस 273. कशावर कोण विसंबून आहे, हे ती कमांड विचारत नाही.

22 मार्च, मंगळवार. कोचुलू कमांड चालवतो. 273 मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ही जातं. कोड 11 ओळींचा. मजकुराच्या डावीकडे मोकळ्या जागा किंवा शून्यं भरायची, 7 चं 007 करायचं, एवढंच काम. कोणीही बसल्या जागी लिहील असा कोड. म्हणूनच बहुधा कोणी लिहीत बसलं नाही.

दुपारी 2:30 नंतर लगेच. (भारतात बुधवारची पहाट, 3 वाजून गेलेले.) दर मिनिटाला शेकडो बिल्ड, म्हणजे पॅकेजेस आणून प्रोग्रॅम जुळवण्याची कामं, फेल होऊ लागतात. स्क्रीनवर 404 : लेफ्ट-पॅड रजिस्ट्रीत नाही. अनेकांनी हे नाव कधी ऐकलेलंही नसतं. त्यांनी बेबल हे जावास्क्रिप्टचं साधन घेतलेलं असतं. बेबलच्या साखळीत ‘लाइन-नंबर्स’ असतं, आणि त्याला लेफ्ट-पॅड लागतं.

दहा मिनिटांच्या आत. कॅमेरॉन वेस्टलँड हा प्रोग्रॅमर तेच काम करणारं लेफ्ट-पॅड त्याच नावाने टाकतो. आवृत्ती 1.0.0.

बिल्ड पडतच राहतात. लाइन-नंबर्सने नेमकी 0.0.3 मागितलेली आहे. आवृत्ती अशी बांधून ठेवणं ही खरं तर सावधपणाची सवय, नको तो बदल नकळत आत येऊ नये म्हणून. आणि एकदा वापरलेला क्रमांक एनपीएमवर पुन्हा वापरता येत नाही.

4:05. 0.0.3 परत आणत असल्याचं एनपीएमचे लॉरी वॉस जाहीर करतात. लेखकाने काढलेलं पॅकेज एनपीएमने स्वतःहून परत ठेवावं, असं आधी झालेलं नाही. बॅकअप उघडावा लागतो.

4:55. 0.0.3 जागेवर. बिल्ड चालू.

29 मार्च. नवा नियम : 24 तासांहून जुनी आवृत्ती लेखकाला परस्पर काढता येणार नाही. त्याने एनपीएमला कळवायचं. ती काढल्याने दुसऱ्या कोणाचं काही मोडतंय का, हे आधी पाहिलं जाईल.