काळीतला चुना

शिरूर-दौंडच्या पट्ट्यात पूर्वी शेत काळीत आणि वस्ती पांढरीवर असे. पुणे-नगर रस्त्यावरच्या कारेगावच्या शिवाराला रांजणगावची औद्योगिक वसाहत लागली आणि ही जुनी वाटणी मोडली. शेड, गोदामे, रस्ते शेतजमिनीवर आले. बेसॉल्टच्या झिजेतून झालेल्या काळ्या मातीतले मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पावसाळ्यात पाणी घेऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. ओल धरून ठेवणारा हा गुण ज्वारीला मानवतो. भिंतींना मात्र तडे जातात आणि फरशी उचलते. त्यावर अशा मातीत चुना आणि राख मिसळण्याचा उपाय सुचवला, की ‘आपल्या पूर्वजांना हे ठाऊकच होते’ असे लगेच म्हटले जाते. हे अर्धेच खरे आहे.

खरा अर्धा भाग फार जुना आहे. याच शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात तिथे उत्खनन केले, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीत कुंभार, सोनार यांच्याबरोबर चुना करणारे कारागीरही असल्याचे दिसले. पुढे दगडी बांधकामात घाणीवर मळलेल्या चुन्यात सुर्की, म्हणजे विटांचा चुरा, घालण्याची रीत रुळली. भाजलेल्या मातीतल्या सिलिकेमुळे असा चुना ओलीतही घट्ट होतो. पण हा सगळा चुना दगडांच्या सांध्यांत गेला. जमीन वाईट असेल तर गवंडी ती टाळत, किंवा काळी उपसून मुरूम भरत. मुंबईच्या आयआयटीतले प्रा. आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या, चिकट मातीचा थर देण्याची जी पद्धत शास्त्रावर उभी केली, ती मला या मुरुमाच्या वाटेची वारस वाटते. चुना थेट मातीत कालवून रस्त्याचा थर करण्याची आजची पद्धत मात्र 1940च्या दशकात टेक्सासच्या रस्त्यांवर रुळली, आणि भारतीय रस्ते काँग्रेसने तिची संहिता 1973 साली काढली. तेव्हा चुना आपला, पण मातीवरचा प्रयोग नवा.

तरी सुर्कीच्या चुन्याचे आणि मातीत कालवलेल्या चुन्याचे रसायन एकच, म्हणून नाते जोडता येते. चुन्यातले कॅल्शियम मातीच्या कणांवरच्या सोडियमची जागा घेते. कण गुठळतात, चिकटपणा आणि फुगवटा घटतो. मग सामू 12.4च्या आसपास गेला की मातीतली सिलिका आणि ॲल्युमिना विरघळून चुन्याशी सिमेंटसारखे बंध बांधतात. सुर्कीचे काम इथे मातीच करते. कमी पडले तर औष्णिक केंद्राची राख, पोलादाच्या भट्टीची दळलेली धातुमळी किंवा उसाच्या चिपाडाची राख जोडीला येते. न्हावरे-पाटसच्या साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात शेवटची दूरची नाही, फक्त ती पुरती जळलेली हवी. चुना भाजतानाच कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो, मग हे पर्यावरणस्नेही कसे, हा आक्षेप रास्त आहे: शंभर किलो शुद्ध चुनखडीतून 44 किलो वायू निघतो, भट्टीच्या इंधनाचा वेगळा. पण मातीला सहसा तीन ते पाच टक्केच चुना लागतो, राख त्यातला काही भाग वाचवते, आणि मुरमासाठी टेकडी पोखरणेही फुकट नसते. मला दुसरा आक्षेप अधिक गंभीर वाटतो. जिप्समयुक्त मातीत चुना सल्फेटशी मिळून एट्रिंगाइट हे खनिज बनवतो आणि जमीन उलट जास्त फुगते. म्हणून कारेगावात प्लॉट घेणाऱ्याने ठेकेदाराकडून चुन्याचा दर घेण्याआधी मातीतल्या सल्फेटचा आणि मुक्त फुगवट्याचा अहवाल मागावा.