काचपट्टीवरच्या लाखभर पेशी : नजर, यंत्र आणि शंभराची मर्यादा

१/
सन १९८७. अमेरिकेतील काही प्रयोगशाळांत सूक्ष्मदर्शकावर वाकून बसणाऱ्या कर्मचाऱ्यांना काचपट्टीमागे ठरावीक पैसे मिळत. जितक्या पट्ट्या तपासाव्यात तितकी कमाई. काही जण तर पट्ट्या घरी नेऊन तपासत. 'वॉल स्ट्रीट जर्नल'चे पत्रकार वॉल्ट बोग्डानिच यांनी हा प्रकार उघडकीस आणला आणि पुढच्याच वर्षी त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्या पट्ट्यांवर स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या पेशी होत्या. घाईत 'सर्व ठीक' असा शेरा पडलेल्या काही स्त्रियांना आपला कर्करोग कळला तो वेळ निघून गेल्यावर.

कृत्रिम बुद्धिमत्ता वैद्यकाच्या दैनंदिन कामात ज्या दारांतून प्रथम आत आली, त्यांपैकी एक दार हे आहे.

२/
ही तपासणी जॉर्ज पापानिकोलाऊ यांच्या नावाने 'पॅप' म्हणून ओळखली जाते. ग्रीसच्या युबोइया बेटावर जन्मलेला हा डॉक्टर १९१३ मध्ये न्यूयॉर्कला आला आणि गिनीपिगच्या योनिमार्गातील पेशींचा अभ्यास करता करता स्त्रियांच्या पेशींकडे वळला. पत्नी अँड्रोमाकी हिने स्वतःचे नमुने त्याला वर्षानुवर्षे दिले; या शोधातील तिचा वाटा बहुतेक पाठ्यपुस्तके एका ओळीत उरकतात. १९२८ मध्ये त्याने प्रथम मांडलेल्या निष्कर्षाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्राउट यांच्यासह १९४१ मध्ये लिहिलेल्या निबंधानंतर मात्र चित्र पालटले.

३/
पद्धत स्वस्त होती, वाचन मात्र अत्यंत कष्टाचे. एका पट्टीवर पन्नास हजारांपासून तीन लाखांपर्यंत पेशी असतात आणि त्यांत विकृत पेशी कधी कधी मूठभरच. हे वाचन सगळे डॉक्टर करू शकत नव्हते, म्हणून एक नवा व्यवसाय उभा राहिला : सायटोटेक्नॉलॉजिस्ट, म्हणजे पेशीपरीक्षक. शंकास्पद पट्टी तो पॅथॉलॉजिस्टकडे पाठवतो. निर्दोष पट्टीवरचा त्याचा शेरा बहुधा अखेरचाच असतो, त्या पट्टीवर दुसरी नजर पडत नाही. म्हणजे थकलेल्या डोळ्यांतून निसटलेली पेशी कायमचीच निसटली.

४/
ही नजर यंत्राला द्यावी, हा विचार संगणकयुगाच्या पहाटेचा. १९५० च्या दशकात न्यूयॉर्कजवळच्या एअरबोर्न इन्स्ट्रुमेंट्स लॅबोरेटरीत 'सायटोअॅनालायझर' नावाचे यंत्र घडवले गेले. पेशीकेंद्राचा आकार आणि काळसरपणा मोजून ते निर्णय देई. परंतु एकमेकींवर चढलेल्या पेशी, पांढऱ्या रक्तपेशी, धुळीचा कण, अशा प्रत्येक गोष्टीला ते कर्करोग समजू लागले. खोट्या इशाऱ्यांनी जेरीस आलेल्या संशोधकांनी अखेर तो प्रकल्प गुंडाळला.

५/
बोग्डानिच यांच्या लेखमालेनंतर अमेरिकी काँग्रेसने १९८८ मध्ये प्रयोगशाळांसाठी नवा कायदा केला. त्याच्या नियमांनुसार एका पेशीपरीक्षकाने चोवीस तासांत शंभराहून अधिक पट्ट्या तपासायच्या नाहीत आणि निर्दोष ठरलेल्यांपैकी किमान दहा टक्के पट्ट्या पुन्हा पाहायच्या. नियमात आणखी एक वाक्य आहे, ते मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगे : शंभर हा आकडा कमाल मर्यादा आहे, कुणाच्याही कामाचे उद्दिष्ट म्हणून तो वापरू नये. नियम लिहिणाऱ्यांना मालकांचा स्वभाव ठाऊक असावा.

६/
पुनर्तपासणीच्या याच सक्तीने यंत्रासाठी बाजारपेठ तयार केली. न्यूरोमेडिकल सिस्टिम्स या कंपनीच्या 'पॅपनेट'ला १९९५ मध्ये मंजुरी मिळाली. त्याच्या गाभ्याशी न्यूरल नेटवर्क होते. पेशीकेंद्र किती मोठे असले म्हणजे संशय घ्यावा, असा नियम त्याला कोणी लिहून दिला नव्हता. चांगल्या-वाईट पेशींच्या उदाहरणांवरून ते शिकले होते. प्रत्येक पट्टीतून ते सर्वाधिक संशयास्पद अशी १२८ दृश्ये निवडी आणि ती पडद्यावर मांडी. निदान करणे त्याचे काम नव्हते. कुठे पाहायचे ते यंत्राने सांगावे, काय दिसते ते माणसाने ठरवावे, अशी ती वाटणी. आजची बहुतेक वैद्यकीय साधने त्याच वाटणीवर उभी आहेत.

कंपनीने थेट स्त्रियांना उद्देशून जाहिराती केल्या. पण वाढीव खर्च द्यायला विमा कंपन्या फारशा राजी नव्हत्या, आणि अधिकचा लाभ त्या खर्चाच्या मानाने किती, याविषयी पॅथॉलॉजिस्टांत मतभेद होते. १९९९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

७/
प्रतिस्पर्धी 'ऑटोपॅप' याच्या पुढे गेले. एक चतुर्थांशापर्यंत पट्ट्या माणसाने न पाहताच बाजूला ठेवण्याची मुभा त्याला १९९८ मध्ये मिळाली. २००३ साली 'थिनप्रेप इमेजिंग सिस्टिम' आली. ती प्रत्येक पट्टीवरची २२ क्षेत्रे दाखवी. त्यांत काही वावगे न आढळल्यास पेशीपरीक्षक पुढच्या पट्टीकडे वळे.

आता प्रश्न उभा राहिला तो मोजणीचा. केवळ २२ क्षेत्रे पाहिली, तर ती किती पट्ट्या धरायची? यंत्रामुळे दिवसाला दोनशे पट्ट्यांपर्यंत जाता येत होते आणि काही ठिकाणी ती कमाल मर्यादाच रोजचे उद्दिष्ट होऊन बसली. अखेर २०१० मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने हिशेब स्पष्ट केला : फक्त क्षेत्रे पाहिली तर अर्धी पट्टी, संपूर्ण पाहिली तर एक, आधी क्षेत्रे आणि मग संपूर्ण पाहिली तर दीड. डोळ्यांना विसावा मिळावा म्हणून आणलेल्या साधनाने वाचवलेला वेळ कोणाच्या पदरात पडला, हे या अपूर्णांकांतून दिसते.

८/
पुढच्याच वर्षी इंग्लंडमधून उत्तर आले. मँचेस्टरमध्ये सत्तर हजारांहून अधिक नमुन्यांवर 'मॅव्हरिक' ही चाचणी झाली. यंत्राच्या साहाय्याने वाचन कितीतरी वेगाने होत होते, परंतु कर्करोगापूर्वीच्या गंभीर विकृती शोधण्यात ते मानवी वाचनापेक्षा सुमारे आठ टक्क्यांनी कमी पडले. प्राथमिक तपासणीसाठी अशा वाचनाची शिफारस करता येणार नाही, असा स्पष्ट निष्कर्ष संशोधकांनी काढला. अर्धशतकाच्या उत्साहाला एवढे कोरडे उत्तर क्वचितच मिळाले असेल.

९/
दरम्यान या प्रश्नाचा पायाच सरकत होता, आणि येथे मराठवाडा या इतिहासात येतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे एचपीव्ही हा विषाणू असतो, या शोधासाठी हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ चे नोबेल मिळाले. पेशी वाचत बसण्यापेक्षा आधी विषाणूच शोधला तर?

तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत १९९९ पासून हेच पडताळले जात होते. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय या कामाचे केंद्र. १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट केले गेले : विषाणूची चाचणी, पॅप, साधे अॅसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी, आणि नेहमीचीच आरोग्यसेवा. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूची एकदाच चाचणी झालेल्या गटात मृत्यू जवळपास निम्मे झाले होते. पॅपच्या गटात संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठाम घट दिसली नाही. चौथ्या गटातील स्त्रियांना तपासणीविना ठेवणे योग्य होते का, हा वाद मात्र पुढेही धुमसत राहिला.

१०/
इंग्लंडने २०१९ अखेर विषाणूचाचणी हीच पहिली पायरी केली. पट्टी वाचायची ती केवळ विषाणू सापडलेल्या स्त्रियांची. पट्ट्यांचा ढीग आटला, देशभरातील पेशीपरीक्षणाच्या प्रयोगशाळा आठांवर आल्या आणि अनुभवी पेशीपरीक्षकांना दुसऱ्या वाटा शोधाव्या लागल्या. त्यांचे काम ज्या यंत्राने जाईल अशी भीती चार दशके होती, त्या यंत्राने ते गेले नाही; दुसऱ्याच एका चाचणीने नेले.

११/
२०२४ च्या आरंभी अमेरिकेत डीप लर्निंगवर आधारलेल्या 'जीनियस' प्रणालीला मंजुरी मिळाली. ती संपूर्ण पट्टीची डिजिटल प्रतिमा घेते, संशयास्पद पेशी निवडते आणि पडद्यावर त्यांची मांडणी करते. पॅपनेटची १२८ दृश्ये पाहिलेल्या एखाद्या निवृत्त पेशीपरीक्षकाला हा पडदा ओळखीचा वाटेल. अहवाल आजही त्याच्या व्यवसायबंधूंच्या आणि पॅथॉलॉजिस्टच्याच नावाने निघतो, आणि शंभराचा नियमही अजून पुस्तकात आहे.